चेंडू छातीवर बसला तेव्हा

गेल्या मे महिन्यातल्या एका रविवारी आमच्या मंडळाची मुलांची क्रिकेट स्पर्धा होती. न्यू जर्सीतलं एक काउंटी पार्क, मॅटिंगची खेळपट्टी, कडेला तंबू, तंबूत दडपे पोहे आणि वडापाव, सावलीत फोल्डिंगच्या खुर्च्यांवर भारतातून आलेले आजी-आजोबा. इथल्या मराठी मंडळींना हे चित्र नवीन नाही. माझा धाकटा, वय वर्षं अकरा, पाचव्या नंबरला खेळायला गेला. तिसरा चेंडू मॅटवरून उसळला आणि थेट त्याच्या छातीवर बसला. डावीकडे, छातीच्या मधल्या हाडाला लागून. आवाज तंबूपर्यंत आला.

तो दोन पावलं चालला, खाली बसला आणि मग आडवा झाला.

त्यानंतरच्या मिनिटात काय काय झालं ते मला अजून तुकड्या-तुकड्यांनीच आठवतं. कोच म्हणाले, "काही नाही, वारा गेलाय पोटातला, उठेल." कुणीतरी पाण्याची बाटली घेऊन धावलं. माझ्या सासूबाई, वय अडुसष्ट, पोह्यांसाठी चिरलेला कांदा मुठीत घेऊन धावत आल्या आणि त्याच्या नाकाशी धरू लागल्या. नवरा स्कोअररच्या टेबलावरून उठला तो तिथेच उभा. मी मानेवर बोटं ठेवली. नाडी होती. श्वास होता. तेवढ्यात त्याने डोळे उघडले आणि भोकाड पसरलं. मुलाच्या रडण्याने इतकं बरं मला त्याच्या जन्मानंतर पहिल्यांदाच वाटलं.

पण त्या आधी, धावता धावता, मी ओरडले होते, "एईडी आणा!" पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा पार्कच्या ऑफिसकडे पळाला होता. तो परत आला आणि म्हणाला, "काकू, ऑफिस बंद आहे. संडे आहे ना. मशीन आत भिंतीवर दिसतंय, काचेतून. त्याचा हिरवा दिवा पण लुकलुकतोय."

तो हिरवा दिवा माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हा लेख.

मी इथल्या एका हॉस्पिटलमध्ये हृदयाची सोनोग्राफी म्हणजे इको करण्याचं काम करते. डॉक्टर नाही, पण अठरा वर्षं लहान-मोठ्यांची हृदयं पडद्यावर पाहतेय. आणि तरीही त्या दिवशी सकाळी मैदानावर पोचल्यावर मी काय पाहिलं? चहा कुठे आहे, टॉयलेट कुठे आहे, सावली कुठे आहे. मशीन कुठे आहे हे पाहिलं नाही. दोष द्यायचा तर पहिला मलाच.

आता थोडं समजावून सांगते, कारण त्या दिवसापासून मला फोनवर हेच विचारलं जातंय, की एवढ्याशा चेंडूने होतं तरी काय?

छातीवरच्या माराने मुलांच्या हृदयाला दोन अगदी वेगळ्या तऱ्हांनी धोका होतो आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिल्या प्रकाराला वैद्यकात कमोशिओ कॉर्डिस म्हणतात. यात हृदयाला जखम होतच नाही. स्नायू फाटत नाही, झडप तुटत नाही, रक्त साकळत नाही. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यात एक अगदी बारीकसा क्षण असतो, सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढा. त्या वेळी हृदयाचे मोठे कप्पे पुढच्या ठोक्यासाठी विजेच्या दृष्टीने सावरत असतात. नेमका त्या क्षणी, नेमका हृदयाच्या वर, कठीण वस्तूचा फटका बसला तर सगळी लय विस्कटते. हृदय आकुंचन पावण्याऐवजी नुसतं थरथरतं आणि रक्त पुढे ढकललं जात नाही. डॉ. मार्क लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये बोस्टनला डुकरांच्या पिलांवर प्रयोग करून हे दाखवून दिलं. पुढे असंही दिसलं, की सर्वांत घातक वेग ताशी चाळीस मैलांच्या आसपासचा. म्हणजे अकरा-बारा वर्षांचं पोर सहज टाकू शकेल तेवढाच. चेंडू जितका मऊ, तितका धोका कमी, हेही त्याच प्रयोगांतून कळलं.

बळी पडतात ती बहुतेक मुलगेच, आणि सरासरी वय पंधराच्या आसपास. लहान मुलाची छाती लवचीक असते, बरगड्या वाकतात, धक्का तसाच आत पोचतो. मोठ्या माणसाचा छातीचा पिंजरा तो बराचसा स्वतःवर घेतो.

अमेरिकेत राहणाऱ्यांना २ जानेवारी २०२३ ची रात्र आठवत असेल. सिनसिनाटीत फुटबॉलची मॅच, बफलो बिल्सचा डमार हॅमलिन टक्कर झाल्यावर उठून उभा राहिला आणि मग कोसळला. मैदानावरच छाती दाबली गेली, शॉक दिला गेला, आणि तो जगला. पुढे परत खेळलाही. लक्षात घ्या, तो आधी उभा राहिला होता. "बघा, उठला की!" म्हणून टाळ्या वाजवून आपण पाठ फिरवतो, आणि ते पहिले काही सेकंदच फसवे असतात.

ही झाली एक बाजू. दुसरीही आपल्या न्यू जर्सीतलीच. २००६ साली वेन या गावात बारा वर्षांच्या एका पिचरच्या छातीवर धातूच्या बॅटने टोलवलेला चेंडू बसला. त्याचं हृदय पुन्हा सुरू झालं, पण मधल्या वेळात मेंदूला प्राणवायू मिळाला नाही, आणि त्या मुलाचा मेंदू कायमचा जायबंदी झाला. २०१२ मध्ये त्या खटल्यात साडेचौदा मिलियन डॉलरची तडजोड झाली. आई-बापांना त्या आकड्याचं काय करायचं!

म्हणून सगळा खेळ मिनिटांचा आहे. छाती दाबली गेली नाही, तर शॉकला उशीर झालेल्या प्रत्येक मिनिटामागे जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घसरते. पहिल्या तीन मिनिटांत मदत मिळालेल्यांत आणि नंतर मिळालेल्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ९११ ची गाडी कितीही तत्पर असली, तरी पार्कच्या त्या टोकाच्या मैदानापर्यंत तीन मिनिटांत येत नाही. त्या तीन मिनिटांत मैदानावर असतो आपण. आणि आपण काय करतो? कांदा हुंगवतो.

सासूबाईंची थट्टा करण्यासाठी हे लिहीत नाही. सांगली-मिरजेकडे फीट आलेल्या माणसाला कांदा हुंगवतात, चप्पल नाकाशी धरतात, ते मीही लहानपणी पाहिलंय. पण अवघड गोष्ट अशी, की हृदय बंद पडलेलं मूल कधी कधी हातपाय झटकतं, फीट आल्यासारखंच. अधूनमधून आचके दिल्यासारखा श्वास घेतं, आणि बघणाऱ्याला वाटतं, श्वास चालू आहे की! तो श्वास नव्हे. खेळताना धाडकन कोसळलेलं मूल हाकेला ओ देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर हृदय थांबलं असंच धरून चालायचं. एकाने ९११, एकाने एईडी, आणि एकाने छाती दाबायला सुरुवात. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश खोल. बरगडी मोडेल ही भीती घरी ठेवायची. मशीन स्वतः बोलतं, पॅड कुठे चिकटवायचे ते सांगतं, आणि गरज नसेल तर शॉक देतच नाही. आठ वर्षांखालच्या मुलांसाठी लहान पॅड किंवा मुलांचं बटण असतं. ते नसेल तर मोठे पॅड एक छातीवर, एक पाठीवर लावायचे. हातात काहीच नसण्यापेक्षा ते शतपटीने बरं.

आता आमच्या घरातला वाद. धाकटा रडला, पाणी प्याला, आणि कोच म्हणाले, "चल, दोन ओव्हर बस आणि मग फिल्डिंगला ये." मी म्हटलं, आम्ही इमर्जन्सीला जातोय. नवरा म्हणाला, "अगं, हसतोय तो आता." पण त्याचा चेहरा पांढराफटक झाला होता, आणि "आई, छातीत धडधडतंय" असं तो दोनदा म्हणाला होता. छातीवर चेंडू बसलेल्या प्रत्येक मुलाला दवाखान्यात न्यावं असं मी मुळीच म्हणणार नाही, नाहीतर आपलं अर्धं बालपण दवाखान्यातच जाईल. पण मूल कोसळलं असेल, क्षणभर का होईना शुद्ध हरपली असेल, धडधड, चक्कर किंवा धाप लागत असेल, छातीतलं दुखणं ओसरत नसेल, तर त्या दिवशीचा खेळ संपला. मग हसत असो की रडत असो.

इमर्जन्सीत आधी ईसीजी काढला, मग रक्तातलं ट्रोपोनिन तपासलं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हा घटक रक्तात वाढतो. दोन्ही नॉर्मल आले. काही तास मॉनिटरवर ठेवलं आणि घरी सोडलं. इन्शुरन्स वळता करून खिशातून साडेअकराशे डॉलर गेले. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने लिहिलं, "वहिनींनी उगाच घाबरवलं सगळ्यांना." खाली तीन हसणारे चेहरे. त्यातला एक माझ्या नवऱ्याचा होता, हे मी विसरलेले नाही.

हृदयाचा दुसरा धोका म्हणजे खरा मुका मार. तो चेंडूपेक्षा जास्त करून गाडीच्या अपघातात, सायकलचं हँडल छातीत घुसल्यावर किंवा उंचावरून पडल्यावर होतो. बाहेर एखादा ओरखडा, एकही बरगडी मोडलेली नाही, आणि आत हृदयाचा स्नायू ठेचलेला. कधी हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साठतं, कधी झडपेला इजा होते. मुलांचं शरीर फार चिवट असतं. रक्तदाब शेवटपर्यंत टिकवून धरतं आणि मग एकदम कोसळतं. म्हणून "बीपी चांगलं आहे" एवढ्यावर समाधान मानू नये. आधी वाढतो तो नाडीचा वेग. मूल शांत पडलंय, ताप नाही, तरी नाडी धावतेच आहे, तर विचारा, का?

अशा वेळी ईसीजी आणि ट्रोपोनिन दोन्ही नॉर्मल असतील, तर हृदयाला मोठी इजा नाही असं डॉक्टर बऱ्याच खात्रीने म्हणू शकतात. ईसीजीत गडबड दिसली, तर मुलाला साधारण चोवीस तास मॉनिटरवर ठेवतात, कारण लय बिघडायची असेल तर ती बहुधा पहिल्या दिवसातच बिघडते. नाडी-रक्तदाब डळमळले किंवा लय बिघडलेलीच राहिली तर इको. सरसकट प्रत्येकाला इको कशाला, असं मी म्हटलं तर माझ्याच पोटावर पाय आणल्यासारखं होईल, पण खरं तेच आहे. एक बारीक गोष्ट सुट्टीला भारतात जाणाऱ्यांसाठी. लहान मुलांच्या ईसीजीत छातीच्या उजव्या बाजूच्या पट्ट्यांमध्ये टी नावाची लाट उलटी असते, आणि ते त्या वयात नॉर्मल असतं. मोठ्यांचे ईसीजी वाचायची सवय असलेल्याला ते पाहून धडकी भरते. तेव्हा शक्य असेल तर तो कागद मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. व्हॉट्सॲपवर फोटो गेला तरी चालतो.

सुट्टीचा विषय निघालाच आहे तर दादाची स्कूटर. सांगलीला गेलं की माझा भाऊ माझ्या मुलांना पुढे उभं करून बाजारात नेतो. दोन्ही हात हँडलवर, केस वाऱ्यावर. मुलं वर्षभर त्या फेरीची वाट पाहतात, आणि मी ही नऊ-दहा वर्षं गप्प बसले, कारण माहेरी जाऊन अमेरिकेचं शहाणपण शिकवायला कुणाला आवडतं? पण ब्रेक लागला की पुढे उभ्या मुलाची छाती कुठे आपटते, हे मला पडद्यावर दिसतं. भारतातही आता नियम आहे. चार वर्षांपर्यंतच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा आणि हेल्मेट हवं, वेग चाळीसच्या आत हवा. २०२३ पासून तो लागू आहे. या वर्षी मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, "आपण सगळे असेच मोठे झालो की." झालो, हे खरंच. जे झाले नाहीत, ते हे वाक्य बोलायला इथे नाहीत.

हे वाक्य मी त्याला बोलले नाही. ते आमच्याच घरात, वेगळ्या वाटेने, समोर आलं.

इमर्जन्सीतल्या डॉक्टरीणबाईंनी एक प्रश्न विचारला होता. घराण्यात कुणी तरुण वयात अचानक गेलंय का? खेळताना, झोपेत, किंवा पोहता येत असून पाण्यात बुडून? नवरा लगेच "नो" म्हणाला. मी सासूबाईंसाठी प्रश्न मराठीत सांगितला. त्या काही बोलल्या नाहीत. रात्री, धाकटा झोपल्यावर, स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या राहून म्हणाल्या, "आमचा बाळू. सतरा वर्षांचा होता. कृष्णेत पट्टीचा पोहणारा. अठ्ठ्याहत्तर साली गेला. सगळे म्हणाले भोवऱ्यात सापडला. पण त्या दिवशी नदीला पाणीच नव्हतं गं एवढं."

माझ्या नवऱ्याला आपल्याला असा एक मामा होता हे माहीत होतं. तो कसा गेला, हे त्याने सत्तेचाळीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

काही मुलांच्या हृदयाच्या विजेत जन्मजात दोष असतो. नेहमी धडधाकट, आणि पोहताना किंवा एकदम दचकल्यावर लय बिघडते. तो घराण्यात चालत येऊ शकतो. म्हणून आम्ही हृदयाच्या डॉक्टरांकडे गेलो. धाकट्याचा, थोरलीचा, नवऱ्याचा आणि सासूबाईंचा, सगळ्यांचा ईसीजी झाला. कुणात काही सापडलं नाही. कृष्णेकाठी त्या दिवशी काय झालं ते आता कुणीच सांगू शकणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. सासूबाई दवाखान्यातून येताना गाडीत एवढंच म्हणाल्या, "निदान कुणी विचारलं तरी." तुम्हीही तुमच्या घरी विचारा. आपल्याकडे 'दैवाने नेलं' म्हटलं की फाइल बंद होते, आणि मग इथे इमर्जन्सीत मुलगा बेधडक "नो" म्हणतो.

आता मंडळाची गोष्ट. नाव लिहीत नाही; लिहिलं तर तुमच्यातले निम्मे म्हणतील, "अरे, हे तर आमचंच."

जूनच्या बैठकीत मी दोन मागण्या ठेवल्या. एक, मंडळाने स्वतःचं एईडी घ्यावं आणि दरवर्षी सीपीआरचा वर्ग भरवावा. दोन, बारा वर्षांखालच्या मुलांच्या मॅचेस मऊ चेंडूने खेळवाव्यात. पहिल्या मागणीला विरोध झाला तो असा. एक म्हणाले, पैसे कुठून आणायचे? मशीन साधारण दीड हजार डॉलरला पडतं. गणपतीत ढोल-ताशांच्या पथकावर किती गेले ते खजिनदारांनीच वाचून दाखवलं होतं, मला बोलावंच लागलं नाही. दुसरे म्हणाले, वापरताना चूक झाली तर कुणी सू करेल. न्यू जर्सीच्या कायद्यात चांगल्या हेतूने एईडी वापरणाऱ्याला संरक्षण आहे. ते कलम मी छापूनच नेलं होतं. तिसऱ्या बाई हळूच म्हणाल्या, "सणासुदीला असलं अभद्र यंत्र कशाला दारात?" खरं सांगते, या तिसऱ्या आक्षेपावर मला उत्तर सुचलं नाही, कारण पहिल्या दोन्हींच्या तळाशी तोच होता.

मग कुणीतरी म्हणालं, कायदा आहे ना इथे? आहे. चिअरलीडिंगच्या सरावानंतर कोसळून गेलेल्या अकरा वर्षांच्या मुलीच्या नावाने झालेला जॅनेट्स लॉ २०१४ पासून लागू आहे. प्रत्येक शाळेत एईडी हवं, सरावाच्या वेळी ते हाताशी हवं, कुलपात नको. पण तो शाळांसाठी. रविवारी काउंटी पार्क भाड्याने घेऊन आपण जी स्पर्धा भरवतो, तिथे मुलं तीच, छातीही तीच, पण जबाबदारी आपली.

दुसऱ्या मागणीवर तर बापलोक पेटलेच. "लेदर बॉलशिवाय काय क्रिकेट?" आमच्या स्पर्धेत अकरा वर्षांच्या पोरांना मोठ्यांचाच चेंडू देतात, दीडशे ग्रॅमच्या वरचा. क्रिकेटमध्येच तेरा वर्षांखालच्यांसाठी हलका चेंडू आहे, हेही तिथे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. चेस्ट गार्ड घालू, असं एकाने सुचवलं. जरूर घाला. पण साध्या फोमच्या गार्डने ठणका कमी होतो, ठोका बिघडायचा थांबेलच असं नाही. गार्ड घातलेली मुलंही दगावली आहेत. म्हणूनच अमेरिकेत लॅक्रॉससाठी आता खास चाचणी पास झालेलं गार्डच सक्तीचं केलंय. क्रिकेटला इथे विचारतो कोण? आपणच विचारायचं.

मतदान झालं. मशीन मंजूर, चार मतांनी. मऊ चेंडू नामंजूर, दोन मतांनी. हलका चेंडू वापरावा यावर तडजोड झाली. मला ती पटलेली नाही, आणि पुढच्या वर्षी मी तो विषय पुन्हा मांडणार आहे. माझा मुलगा मात्र त्या हलक्या चेंडूने खेळतोय. त्याला मी थांबवलेलं नाही. तुम्ही म्हणाल, मग हा सगळा उपदेश कशाला? अकरा वर्षांच्या मुलाला मैदानाबाहेर बसवून ठेवणारी आई मला व्हायचं नाही, आणि कुलूपबंद ऑफिसच्या काचेला नाक लावून उभी राहणारी आईही व्हायचं नाही. या दोन्हींच्या मध्ये जेवढी जागा आहे तेवढ्यात मी आहे.

मशीन सप्टेंबरमध्ये आलं. पॅडची मुदत दोन वर्षांनी संपते, ती तारीख मी फ्रिजवर चिकटवली आहे आणि सेक्रेटरींच्या फ्रिजवरही. मॅचच्या दिवशी ते स्कोअररच्या टेबलावर, उघड्यावर असतं. स्कोअरर अजूनही माझा नवराच आहे. पहिल्या वर्गाला चोवीस जण आले, त्यातल्या पाच आज्या. प्रशिक्षक पोरगा घाबरत घाबरत म्हणाला, "आजी, गुडघ्यांवर बसता येईल का?" सासूबाईंनी पदर खोचला, गुडघे टेकले, आणि त्या रबरी पुतळ्याच्या छातीवर दोन्ही हात रोवून मराठीतून मोजायला लागल्या. तिसापर्यंत न थांबता. मशीनने सांगितलं, खोली बरोबर आहे. मग उठल्या, कपाळावरचा घाम पुसला आणि मला म्हणाल्या, "पुन्हा एकदा करू दे."